ल्यूबेक कसं पाहावं: मिठाच्या आणि माशांच्या वाटेने

हॅम्बुर्गला शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली माणसं केव्हातरी ल्यूबेकला जाऊन येतात. आगगाडीने जेमतेम पाऊण तास. स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की होल्स्टेनटोर हा जाडजूड बुरुजांचा दरवाजा समोर येतो. तिथे फोटो होतात, बाजारात मार्झिपान ही बदाम-साखरेची मिठाई घेतली जाते आणि संध्याकाळच्या गाडीने परत. गाव सुंदर आहे एवढं कळतं. पण हेच गाव शतकानुशतकं बाल्टिक समुद्रावरच्या व्यापाराचं पुढारीपण कसं करू शकलं, आणि ते इथेच का वसलं, हे कळायचं राहून जातं.

ते कळायला इतिहासाची पदवी लागत नाही, पाहण्याचा क्रम बदलावा लागतो. आधी जमीन आणि पाणी, मग माल, मग माणसं, आणि इमारती या तिन्हींच्या ओघात. खाली दिलेला क्रम सकाळी लवकर निघालात तर एका दिवसात पुरा होतो. पायात चांगले बूट हवेत, कारण जुन्या गावातले बरेच रस्ते दगडी आहेत आणि ओले असले की निसरडे होतात.

पायरी १: घरीच नकाशा उघडा

निघायच्या आदल्या रात्री अर्धा तास नकाशासमोर बसा. ही पायरी टाळू नका, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

आधी दुरून बघा. जर्मनीच्या उत्तरेला डेन्मार्कचा युटलंड द्वीपकल्प वर गेलेला दिसतो. त्याच्या पश्चिमेला उत्तर समुद्र, पूर्वेला बाल्टिक. फ्लँडर्सचं, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचं, कापड रशियाकडे न्यायचं किंवा रशियाचं मेण आणि मऊ केसांची कातडी (फर) पश्चिमेकडे आणायची, तर जहाजाला या द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालावा लागे. तिथला समुद्र वाळूच्या दांड्यांचा आणि वादळांचा, शिवाय वाट डेन्मार्कच्या राजाच्या नजरेखालून जाणारी. आता द्वीपकल्पाच्या बुंध्याशी बघा. एल्बे नदीवर हॅम्बुर्ग, तिचं तोंड उत्तर समुद्राकडे. ट्रावे नदीवर ल्यूबेक, तिचं तोंड बाल्टिककडे. दोन्ही गावांमध्ये अंतर सुमारे ६० किलोमीटर. माल एका बंदरात उतरवायचा, बैल-घोड्यांच्या गाड्यांवरून नेऊन दुसऱ्या बंदरात पुन्हा चढवायचा. १२४१ साली या दोन गावांनी आपापसांत करार केला आणि मधल्या रस्त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी मिळून घेतली. पुढे हान्सा नावाची व्यापारी गावांची जी संघटना उभी राहिली, तिच्या पायातला हा एक मोठा दगड.

मग जवळ या. जुनं ल्यूबेक म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे दोन किलोमीटर आणि रुंदीला एक किलोमीटरभर असं लांबट बेट आहे. पश्चिमेला ट्रावे, पूर्वेला वाकेनित्झ. पण हे बेट अगदी अलीकडचं. १९०० साली एल्बे-ल्यूबेक कालवा सुरू झाला, त्यासाठी उत्तरेकडची जमिनीची चिंचोळी मान कापली गेली. त्याआधी ही दोन नद्यांच्या मधली एक लांब टेकडी होती आणि तिच्यावर कोरड्या पायाने यायला उत्तरेची तेवढी चिंचोळी मानच होती. बाकी तिन्ही बाजूंना पाणी नाहीतर दलदल. समुद्र इथून वीसेक किलोमीटर, म्हणजे चाचे सहज पोचणार नाहीत इतका लांब, आणि मालाची जहाजं नदीने थेट येऊ शकतील इतका जवळ.

पायरी २: होल्स्टेनटोर सोडा, उत्तरेकडून आत शिरा

स्टेशनाबाहेरून बस पकडा आणि गुस्टाव राडब्रुख प्लाट्झ या थांब्यावर उतरा. तिथून गावाकडे तोंड केलं की कालव्यावरचा पूल आणि पलीकडे बुर्गटोर दिसतो. पुलाच्या मध्यावर थांबून खाली बघा. काल रात्री नकाशात शोधलेली मान ती हीच. पाणी न ओलांडता, कोरड्या जमिनीवरून गावात येणारा प्रत्येक व्यापारी, सैनिक आणि भिकारी या वाटेने आत गेला. म्हणून इथे आधी किल्ला होता आणि म्हणून दरवाजाला बुर्गटोर, किल्ल्याचा दरवाजा, हे नाव पडलं. आजची त्याची विटांची उंच रचना १४४४ची.

गावाच्या जन्माची गोष्ट इथे उभं राहून ऐकावी. याआधी स्लाव लोकांची लिउबिचे नावाची वस्ती नदीच्या खालच्या अंगाला, श्वार्टाऊ आणि ट्रावेच्या संगमावर होती. ती ११३८ साली उद्ध्वस्त झाली. ११४३ साली होल्श्टाइनचा काउंट अडोल्फ दुसरा याने आजच्या टेकडीवर नवं गाव वसवलं. ते ११५७ साली जळालं. सॅक्सनीचा ड्यूक हाइनरिश, ज्याला ‘सिंह’ म्हणत, त्याने अडोल्फकडून ही जागा घेतली आणि ११५९ साली गाव पुन्हा उभारलं. मग काही काळ डेन्मार्कची सत्ता आली. १२२६ साली पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट फ्रेडरिक दुसरा याने ल्यूबेकला साम्राज्याचं मुक्त शहर केलं, म्हणजे वर थेट सम्राट, मधे कुणी ड्यूक नाही की काउंट नाही. पुढच्याच वर्षी बोर्नहोवेडच्या लढाईत डेन्मार्कचा राजा हरला आणि कागदावरचं स्वातंत्र्य खरं झालं. ते १९३७ पर्यंत टिकलं. एका व्यापारी गावाने सातशे अकरा वर्षं आपला कारभार आपण केला, ही गोष्ट मला तिथल्या कुठल्याही मनोऱ्यापेक्षा मोठी वाटते.

पायरी ३: टेकडीच्या कण्यावरून दक्षिणेकडे

दरवाजातून आत आलात की कोबेर्ग हा चौक लागतो. इथे तीन गोष्टी बघा, फार वेळ न लावता. पहिली, १२८६चं हाइलिगेन-गाइस्ट हॉस्पिटल. आजारी आणि निराधार म्हाताऱ्यांसाठी श्रीमंत व्यापाऱ्यांनी बांधलेलं हे घर युरोपातल्या अशा जुन्या संस्थांपैकी एक आहे. आतल्या लांब दालनात १८२० साली केलेल्या लाकडी खोल्या अजून तशाच आहेत. दुसरी, समोरचं याकोबी चर्च, खलाशांचं. त्यात ‘पामिर’ या १९५७ साली बुडालेल्या शिडाच्या जहाजाची जीवरक्षक होडी ठेवली आहे. तिसरी, चर्चसमोरचं खलाशांच्या संघाचं १५३५चं घर, जिथे आता उपाहारगृह आहे.

पुढे ब्राइटे श्ट्रासे धरा. चालताना दोन्ही हातांच्या गल्ल्यांकडे लक्ष ठेवा. हा रस्ता टेकडीच्या माथ्यावरून जातो आणि दोन्हीकडच्या गल्ल्या फासळ्यांसारख्या उतरत पाण्यापर्यंत पोचतात. उजवीकडच्या ट्रावेवरच्या बंदराकडे. तिथे व्यापारी राहत. डावीकडच्या वाकेनित्झकडे. तिथे कारागीर, खाटीक, कासार, घंटा ओतणारे. फ्लाइशहाउअर श्ट्रासे म्हणजे खाटकांची आळी, ग्लोकेनगीसर श्ट्रासे म्हणजे घंटा ओतणाऱ्यांची. नगरसभेत बसायचा हक्क व्यापाऱ्यांचा, कारागिरांचा नाही. त्यातून १३८४ साली खाटकांनी बंडाचा बेत केला, तो आधीच फुटला आणि सभेने तो चिरडला. गल्ल्यांचा हा नकाशा म्हणजे गावातल्या उतरंडीचाही नकाशा.

पायरी ४: बाजार, राटहाउस आणि मारिएनकिर्शे

आता इथे मात्र वेळ द्या, निदान दीड तास.

राटहाउस म्हणजे नगरसभेचं घर. तेराव्या शतकापासून ते वाढत गेलं, म्हणून त्याचा प्रत्येक भाग वेगळ्या काळातला दिसतो. चौकातून वर बघितलं की काळपट चकचकीत विटांची उंच भिंत दिसेल आणि तिच्यात मोठी गोल भोकं. भिंतीमागे खोली नाही, ती दिमाखासाठीच उभारलेली आहे. वाऱ्याने ढासळू नये म्हणून भोकं ठेवली. १३५६ साली हान्साच्या गावांची पहिली सर्वसाधारण सभा ल्यूबेकमध्ये भरली.

हान्सा म्हणजे काय, हे नवख्या माणसाला पटकन उमगत नाही. ते राज्य नव्हतं. राजा नव्हता, कायमचं सैन्य नव्हतं, स्थापनेची तारीखही नाही. परदेशात एकत्र जाणाऱ्या जर्मन व्यापाऱ्यांची मंडळं होती, पुढे त्यांच्या गावांची संघटना झाली. चार परक्या ठिकाणी त्यांच्या मोठ्या पेढ्या होत्या: लंडन, ब्रूज, नॉर्वेतलं बर्गन आणि रशियातलं नोव्हगोरोद. एखाद्या राजाने व्यापाऱ्यांना त्रास दिला तर सगळी गावं मिळून त्याच्याशी व्यापार बंद करत. क्वचित लढाईही करत. डेन्मार्कच्या वाल्डेमार चौथ्याला हरवून १३७० साली श्ट्रालझुंडचा तह झाला, तेव्हा डेन्मार्क आणि आजच्या स्वीडनमधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीवरचे किल्ले पंधरा वर्षांसाठी हान्साच्या हाती आले. शिवाय ल्यूबेकचा कायदा बाल्टिककाठच्या सुमारे शंभर गावांनी स्वीकारला. आजच्या एस्टोनियातल्या टालिनला तो १२४८ साली मिळाला.

बाजाराला खेटूनच मारिएनकिर्शे, म्हणजे मेरीचं चर्च. बिशपचं डोम हे चर्च दक्षिण टोकाला आहे, ११७३ साली सुरू झालेलं. मारिएनकिर्शे मात्र नगरसभेच्या व्यापाऱ्यांचं. बिशपच्या चर्चपेक्षा आपलं मोठं आणि उंच हवं, हा त्यांचा हट्ट विटाविटांत दिसतो. आतल्या कमानीचं छत साडेअडतीस मीटर उंच, बाहेरचे जोडमनोरे सुमारे १२५ मीटर. फ्रान्समधली गॉथिक, म्हणजे उंच टोकदार कमानींची, चर्चं दगडाची आहेत. इथे हिमनद्यांनी आणून टाकलेली माती आहे आणि बांधकामाचा दगड नाही, म्हणून तीच उंची त्यांनी भाजलेल्या विटांत साधली. बाल्टिकच्या काठाकाठाने अनेक गावांनी मग याच चर्चचा नमुना उचलला. १२५१ आणि १२७६च्या मोठ्या आगींनंतर घरंही विटांची होत गेली.

आत गेल्यावर दक्षिणेच्या मनोऱ्याखाली जा. फुटून जमिनीत रुतलेल्या दोन घंटा तिथे आहेत. २८ मार्च १९४२च्या रात्री ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले, मनोरे पेटले आणि घंटा खाली कोसळल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत. त्या एका रात्रीत जुन्या गावाचा सुमारे पाचवा हिस्सा गेला.

त्याच आगीत भिंतीवरचा चुना गळून पडला आणि खालून मध्ययुगातली चित्रं दिसू लागली. पुढे त्यांच्या दुरुस्तीचं काम चाललं असताना लोटार माल्सकाट या चित्रकाराने वरच्या मोकळ्या भिंतींवर स्वतःच नवी ‘मध्ययुगीन’ चित्रं काढली. १९५१ साली त्यांचं कौतुक झालं, १९५२ साली त्याने आपण होऊन कबुली दिली, मग खटला झाला आणि ती चित्रं पुसली गेली. जुनी वास्तू बघताना यातलं जुनं किती हा प्रश्न विचारायची सवय लागावी, म्हणून ही हकीकत मी प्रत्येक नवख्याला सांगते.

संगीताची आवड असेल तर आणखी एक. इथे बुक्सटेहूडे हे संगीतकार १६६८ ते १७०७ ऑर्गन वाजवत. त्यांना ऐकायला पुढे थोर संगीतकार म्हणून गाजलेला वीस वर्षांचा बाख १७०५ साली आर्नश्टाटहून सुमारे ४०० किलोमीटर पायी आला आणि मिळालेल्या चार आठवड्यांच्या रजेऐवजी काही महिने राहिला.

पायरी ५: उताराने बंदराकडे

मेंग श्ट्रासेने पश्चिमेला उतरा. दोन्हीकडे उंच, पायऱ्या-पायऱ्यांच्या दर्शनी भिंतीची घरं आहेत. व्यापाऱ्याचं घर म्हणजे दुकान, कचेरी आणि गोदाम एकत्र. रस्त्याला लागून खूप उंच छताचं एक दालन, तिथे माल उतरे आणि सौदा होई. वरचे मजले कोठारासाठी, तिथे चाकाला दोर लावून गोणी आणि पिंपं चढवत. घरची माणसं बरेचदा मागच्या अंगणाकडच्या लांबट भागात राहत. म्हणजे घरातली चांगली जागा मालाला आणि मागची माणसाला.

मग डावीकडे आल्फ श्ट्रासे, फिश श्ट्रासे आणि ब्राउन श्ट्रासेमधून चक्कर मारा. हा गावाच्या स्थापनेचा भाग, १९४२ साली जवळपास पूर्ण गेलेला. युद्धानंतर इथे शाळांच्या मोठ्या इमारती आल्या होत्या. त्या काढल्यावर २००९ ते २०१६ इथे मोठं उत्खनन झालं आणि बाराव्या शतकातली लाकडी तळघरं सापडली, ओल्या मातीमुळे टिकलेली. आता त्याच जुन्या अरुंद भूखंडांवर नवी त्रिकोणी माथ्याची घरं उभी राहिली आहेत. काहींना ती खोटी वाटतात. मला तसं वाटत नाही, कारण इथे जुन्या घराची नक्कल केलेली नाही, जुनी मोजमापं पाळली आहेत.

पायरी ६: मीठ

नदीवर पोचल्यावर डावीकडे वळा आणि पाण्याच्या कडेने होल्स्टेन पुलापर्यंत या. पलीकडे शेजारी शेजारी विटांची सहा गोदामं दिसतात, ती मिठाची. एक लक्षात ठेवा, ही गोदामं १५७९ ते १७४५ या काळातली, म्हणजे ल्यूबेकच्या भरभराटीनंतरची. पण जागा आणि धंदा जुनाच.

आता धागे जोडा. मध्ययुगातल्या ख्रिस्ती युरोपात शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे, मासा चाले. दर वर्षी उन्हाळा सरताना आजच्या स्वीडनच्या दक्षिणेला, स्कोनेच्या किनाऱ्यावर, हेरिंग माशांचे थवेच्या थवे येत. पण हा तेलकट मासा पटकन नासतो, त्यामुळे पकडल्या पकडल्या तो मिठात घालावा लागतो. चार-पाच पिंपं हेरिंगमागे साधारण एक पिंप मीठ लागे. आणि बाल्टिकमध्ये मीठच नाही. पाणी इतकं कमी खारट आणि ऊन इतकं थोडं, की मिठागरं चालत नाहीत.

मीठ होतं ल्यूनेबुर्गला, हॅम्बुर्गच्या दक्षिणेला. तिथे जमिनीखालून अतिशय खारट पाणी वर येतं. ते शिशाच्या कढयांत लाकडाच्या जाळावर आटवून मीठ काढत. आधी हे मीठ गाड्यांतून ल्यूबेकला येई. त्या रस्त्याला आजही जुना मीठरस्ता म्हणतात. पण गाडीत मावणार किती? म्हणून १३९१ ते १३९८ या काळात श्टेकनित्झ कालवा खणला. एल्बेवरच्या लाउएनबुर्गपासून ट्रावेपर्यंत, मधला जमिनीचा चढ पाणी अडवणाऱ्या दरवाजांनी पार करत. पाणलोटाची रेघ, म्हणजे दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंचवटा, ओलांडणाऱ्या युरोपातल्या पहिल्या कालव्यांत तो गणला जातो. १३९८च्या जुलैमध्ये मिठाच्या पहिल्या होड्या ल्यूबेकला लागल्या.

आता पुलावर उभं राहून दोन्हीकडे बघा. दक्षिणेकडून, वरच्या ट्रावेने, मिठाच्या होड्या येत. उत्तरेकडून, खालच्या ट्रावेने, समुद्रावरची जहाजं येत. त्यांना कोग म्हणत: रुंद पोट, सपाट तळ, एकच मोठं चौकोनी शीड. (खरी बघायची तर ब्रेमरहाफेनच्या जहाज संग्रहालयात आहे, १९६२ साली वेझर नदीच्या गाळात सापडलेली, साधारण १३८०ची.) मीठ इथे कोगवर चढे, स्कोनेला जाई आणि माशांनी भरलेली पिंपं होऊन परत येई. ल्यूबेकने मासा फारसा पकडला नाही आणि मीठही बनवलं नाही. दोघांची गाठ आपल्याच धक्क्यावर पडेल एवढी व्यवस्था केली.

पायरी ७: आता होल्स्टेनटोर

पुलावरून समोरच दिसतो. १४६४ ते १४७८ या काळात हिनरिश हेल्मश्टेडे याने बांधला. दलदलीवर उभा असल्याने बांधतानाच खचू लागला, बुरुज अजून कललेले दिसतात. बाहेरच्या बाजूची भिंत साडेतीन मीटर जाड, गावाकडची एक मीटरहून कमी. शत्रू बाहेरून येणार आणि गावाकडची बाजू नटवायची, हा सरळ हिशोब त्यात आहे. एके काळी या बाजूला ओळीने चार दरवाजे होते, उरला तो हा एक. हाही पाडायचा बेत होता. १८६३ साली एका मताच्या फरकाने वाचला.

पायरी ८: पाठीमागच्या बोळांत

दुपारनंतर पूर्वेच्या अंगाला जा. गावाची वस्ती वाढली तशी जागा उरली नाही, म्हणून घरमालकांनी मागच्या परसात छोट्या खोल्या बांधून हमाल, मजूर आणि खलाशांना भाड्याने दिल्या. रस्त्यावरच्या घराच्या पोटातून एक बुटका बोळ काढायचा, की झाली वाट. अशा सुमारे नव्वद जागा अजून आहेत. ग्लोकेनगीसर श्ट्रासेवरचा फ्युश्टिंग्सहोफ त्यांतला देखणा, पण तो वेगळ्या जातीचा: १६३९ साली व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या विधवांसाठी दानातून बांधलेला. इथे आजही लोक राहतात. बोळाला दार असेल आणि ते बंद असेल तर ढकलू नका. आत आवाज बेताचा ठेवा, खिडक्यांचे फोटो काढू नका.

पायरी ९: उतरती कळा, आणि संग्रहालय

१४९४ साली मॉस्कोच्या इवान तिसऱ्याने नोव्हगोरोदची पेढी बंद केली. डच जहाजं मोठी झाली आणि वळसा घालून थेट बाल्टिकमध्ये येऊ लागली, तेव्हा साठ किलोमीटरच्या त्या वाटेची किंमतच गेली. १५९८ साली एलिझाबेथ राणीने लंडनची पेढी बंद केली. हान्साची शेवटची सभा १६६९ साली ल्यूबेकलाच भरली. तरीही नाव गेलं नाही. रस्त्यावरच्या गाड्यांच्या पाट्या बघा: हॅम्बुर्गची ‘एचएच’, ब्रेमेनची ‘एचबी’, ल्यूबेकची ‘एचएल’. पहिला ‘एच’ हान्साचा.

२०१५ साली उघडलेलं हान्सा संग्रहालय बुर्गटोरच्या पायथ्याशी, नदीकडे आहे. अनेक जण सकाळी तिथूनच सुरुवात करतात. माझा सल्ला उलटा आहे. गाव पायाखालून गेल्यावर जा, निदान दोन तास ठेवा, आणि दिवस अपुरा पडला तर पुढच्या खेपेसाठी राखून ठेवा. अंधार पडायच्या आत पेट्री चर्चच्या मनोऱ्यावर मात्र नक्की चढा. लिफ्ट आहे, सुमारे ५० मीटर उंचीवर सज्जा आहे, आणि दोन नद्या, कणा, फासळ्या सगळं एका नजरेत येतं.

काही किरकोळ सूचना. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. संग्रहालयांच्या वेळा हिवाळ्यात बदलतात, सोमवारी तर नक्की तपासून निघा. मार्झिपान राटहाउससमोरच्या १८०६ पासूनच्या नीडरएगरच्या दुकानात मिळतं. बदाम आणि साखर एवढाच त्याचा जीव, त्यामुळे शाकाहारी मंडळींची अडचण होत नाही, तरी वेष्टनावरचा मजकूर वाचून घ्या.

दुसऱ्या खेपेला वेळ असेल तर आगगाडीने ट्रावेम्युंडेला जा. नदी समुद्राला मिळते तिथे १५३९चं जुनं दीपगृह आहे आणि ‘पामिर’चं भावंड ‘पासाट’ धक्क्याला उभं आहे. तिसऱ्या खेपेला ल्यूनेबुर्ग. तिथलं मीठ काढण्याचं काम १९८० साली थांबलं, त्याच जागेवर आता मिठाचं संग्रहालय आहे. हॅम्बुर्गहून तेही आगगाडीने एका दिवसात होतं.